काठोकाठ भरणारी टाकी

मित्रांनो, स्वस्थ बसणे मला ठाऊकच नाही. एका गोठ्याच्या दूधघरात उभी असलेली, दूध गार ठेवणारी स्टीलची टाकी आहे मी, आणि आता बरीच जुनी झाले आहे. माझ्या पोटात एक पाते आहे. ते थोड्या थोड्या वेळाने फिरते, कारण दूध नुसते पडून राहिले तर वर साय धरते आणि तळाला बर्फ. पाठीमागे कॉम्प्रेसर घरघरत असतो. बाहेरून पाहणाऱ्याला मी शांत आणि चकचकीत वाटते, पण आत माझी घालमेल चालू असते. गेली काही वर्षे ही घालमेल नुसती पात्याची राहिलेली नाही. ती कशाची आहे, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म पत्र्यांच्या खणखणाटात झाला. जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या एका वेल्डरने मला जोडले. मला दोन कातड्या आहेत, एक आतली आणि एक बाहेरची. त्यांच्यामध्ये जाड फेस भरला आहे, म्हणजे आतला गारवा आतच राहतो. तो वेल्डर प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवून पाहत असे. शेजारच्या कामगाराने एकदा त्याला विचारले, "एवढं काय चाचपतोस? पाण्याच्या टाकीवर तर नाही फिरवत असा हात."

"पाणी गळलं तर पुसता येतं," तो म्हणाला. "दूध गळलं की वास वर्षभर राहतो."

माझी कुणीतरी इतकी काळजी केली, हे मी विसरले नाही.

पुढे एका ट्रकवर चढवून मला या गोठ्यावर आणले. गोठा दोघा भावांचा. थोरल्याला सगळे दादा म्हणत. उंच, रुंद खांद्यांचा, बोलायला लागला की पलीकडच्या शेतात ऐकू जाईल असा. धाकट्याला सगळे धाकटाच म्हणत. तो कमी बोले, पण कुठल्याही यंत्राजवळ गेला की त्याचे हात बोलू लागत. दादाची बायको, म्हणजे वहिनी, पहाटेपासून गोठ्यात राबे. धारा काढणे, वासरांना दूध पाजणे, भांडी धुणे, सगळे तिच्याकडे.

मी आले त्या दिवशी दूधघराचे दार मला अरुंद पडले. दादाने कुणाला विचारले नाही, घण घेतला आणि चौकटीसकट भिंतीचा एक कोपरा उडवला. वहिनी कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. "टाकी आणलीस का सासूबाई आणल्यास," ती म्हणाली, "घर पाडून आत घ्यायला." दादा हसत हसत घाम पुसत होता. त्याच्या डोळ्यांत मला पाहून जी चमक आली, ती मला फार आवडली. खोटे कशाला बोलू, मी त्या चमकेच्या नादी लागले.

सुरुवातीला मी जेमतेम अर्धी भरत असे. मग दादाने गाई वाढवल्या. दूध वर चढू लागले. रोज सकाळी तो मोजपट्टी माझ्यात बुडवी, बाहेर काढून उजेडात धरी आणि आकडा मोठ्याने म्हणे. ज्या दिवशी दूध काठाला लागले, त्या दिवशी त्याने टँकरवाल्याला दोनदा चहा पाजला. त्यानंतर कुणीही पाहुणा आला की दादा त्याला घरात न्यायच्या आधी माझ्यापाशी आणी, झाकण उचली आणि नुसते म्हणे, "बघा." पाहुणे वाकून बघत. शेजारी बघत. कर्ज देणारे साहेबही बघून गेले. काठोकाठ भरलेले पांढरे दूध पाहिले की कुणाला पुढे काही विचारावेसे वाटत नसे.

मलाही वाटत नव्हते. भरणे म्हणजे भरभराट, असा माझाही समज होता.

पण कौतुक सगळे पुढून होई. माझ्या पाठीमागे कुणी येत नसे. मित्रांनो, माझ्या पाठीला एक बारीक जाळी आहे. आतली उष्णता तिच्यातून बाहेर पडते. त्या जाळीसमोर, बाहेरच्या अंगाला कडबा कापायचे यंत्र चाले, त्याचा भुसा उडे, आणि तो धुळीबरोबर जाळीत जाऊन बसे. पहिली दोन-तीन वर्षे धाकटा ती ब्रशने साफ करी. मग गाई वाढल्या, कामे वाढली, आणि "उद्या करू" असे म्हणता म्हणता जाळी विसरली गेली. कॉम्प्रेसरला धाप लागे. मी जास्त वेळ घरघरू लागले. दादाला ते कामाचे लक्षण वाटे.

दूधघर ही गोठ्यातली सगळ्यात गार आणि स्वच्छ जागा. म्हणून घरची महत्त्वाची बोलणी तिथेच होत, माझ्या शेजारच्या टेबलाशी. एके दुपारी दादाने तिथे एक रंगीत माहितीपत्रक उलगडले. त्यात माझ्या दुप्पट मोठ्या टाकीचे चित्र होते.

"ही घ्यायची," तो म्हणाला. "वर वीस गाई. कर्ज मिळतंय."

धाकट्याने पत्रक मिटून त्याच्याकडे सरकवले. मग म्हणाला, "दादा, मला बाहेर पडायचंय. शहरात यंत्रदुरुस्तीचं दुकान टाकतो. माझा वाटा दे."

दादाला आधी ते खरेच वाटले नाही. मग तो चिडला, मग हसला, मग पुन्हा चिडला. एवढा चालता धंदा सोडून कोण जातं, हा त्याचा प्रश्न. एवढा चालता धंदा आहे तर माझ्या खिशात कधी काही का नसतं, हा धाकट्याचा. आवाज चढत गेले. माझे पाते नेमके तेव्हाच फिरायला लागले आणि मला ते थांबवता येईना. शेवटी वहिनी भांडी खाली ठेवून मध्ये पडली.

"तुटायचं असेल तर नीट तुटा," ती म्हणाली. "पण आधी आहे काय, ते तर कुणाकडून तपासून घ्या. मलाही कळू दे. इतकं दूध जातं, मग पेंडीवाल्याला दर वेळी 'पुढच्या आठवड्यात' का म्हणावं लागतं?"

अशा रीतीने तपासनीस बाई आल्या. हे नाव दादाने ठेवलेले, थोडे कुचेष्टेने. बाई पन्नाशीच्या होत्या, केस आखूड, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट. त्यांचा स्वतःचा गोठा होता, तो त्यांना बंद करावा लागला होता, आणि तेव्हापासून त्या दुसऱ्यांच्या गोठ्यांची तब्येत तपासून देत. दादाने रिवाजाप्रमाणे त्यांना माझ्यापाशी आणले आणि झाकण उचलले.

"बघा."

बाईंनी एक नजर टाकली, मान डोलावली आणि त्या सरळ माझ्या पाठीमागे गेल्या. इतक्या वर्षांत असे कुणी केले नव्हते. त्यांनी जाळीत बोट घातले. बोटाबरोबर धूळ-भुशाचा एक जाड थर निघून आला, गोधडीचा तुकडा निघावा तसा.

"ही साफ कधी केली होती?"

"चालतंय की," दादा म्हणाला.

"चालतंय ते दिसतंय. कधी केली, ते विचारतेय."

दादाने धाकट्याकडे पाहिले. धाकट्याने छताकडे. बाईंनी काहीतरी टिपून घेतले आणि त्या गोठ्यात गेल्या. मला वाईट वाटले की हायसे वाटले, हे मला आजही सांगता येत नाही. पहिल्यांदाच कुणाला माझ्या काठापेक्षा माझी पाठ महत्त्वाची वाटली होती.

पुढचे काही दिवस बाई येत-जात राहिल्या. त्या कागद कमी बघत आणि गाई जास्त. कुठली गाय केव्हा व्यायली, कुठली गाभण आहे, कुठली नुसती उभी आहे. कालवडी किती, आणि नाहीत तर कुठे गेल्या. पेंड उधारीवर किती. एकदा त्यांनी वहिनीला विचारले, "तुम्ही पगार किती घेता?"

वहिनीला वाटले, चेष्टा आहे. ती हसली. बाई हसल्या नाहीत. तेव्हा वहिनीचेही हसू ओसरले, आणि ती हातातली बादली उगाच पुन्हा धुवायला लागली.

मग निकालाचा दिवस आला. घरचे तिघे बाईंसमोर टेबलाशी बसले. मी सकाळीच काठोकाठ भरले होते.

"दूध भरपूर आहे," बाई म्हणाल्या. "त्यात शंका नाही. पण या गोठ्यात तीन गाईंमागे एक नुसती खातेय. ना दूध, ना गाभण. तिचं खाणं बाकीच्या दोघींच्या दुधातून जातंय. दुसरं म्हणजे, तुम्ही दर वर्षी कालवडी विकता आणि तो पैसा कमाई म्हणून धरता."

"कमाईच ती," दादा म्हणाला.

"नाही, मालक. ते तुमचं पुढच्या वर्षांचं दूध आहे. आधीच विकलेलं. मग दूध कमी पडू नये म्हणून तुम्ही मोठ्या गाई कर्जावर आणता. आणि तिसरं, दोन माणसं इथे फुकट राबतायत. त्यांची मजुरी धरली, तर या धंद्यात दर महिन्याला काही उरत नाही. उलट घरातून जातं. टाकी, छप्पर, मोटार, सगळं झिजतंय आणि त्यासाठी काहीच बाजूला ठेवलेलं नाही. पुढे ढकललेली दुरुस्ती म्हणजेही देणंच असतं."

दादाचा चेहरा लाल झाला, पण त्याने आवाज चढवला नाही. त्याने माझ्या अंगावर हात ठेवला. "बाई, माझी ही टाकी रोज काठोकाठ भरते. आजारी माणसाला एवढी भूक असते का?"

"असते," बाई म्हणाल्या. "काही आजारांत भूकच वाढते."

दादाने माझ्यावरचा हात काढून घेतला. मग तो उठला, बाईंना त्यांची फी दिली आणि म्हणाला, "आभारी आहे. बाकीचं आम्ही बघून घेऊ." बाईंनी बूट झटकले आणि त्या निघून गेल्या. धाकटा तसाच बसून राहिला. ज्या वाट्यावर त्याने मनात दुकान मांडले होते, तो वाटा कुठेच नव्हता. "म्हणजे इतकी वर्षं मी काय केलं?" त्याने विचारले. त्या दिवसापासून धाकटा दूधघरात यायचा बंद झाला.

आणि मी? माझी अवस्था विचारू नका. रोज सकाळी दूध माझ्यात ओतले जाई, आणि मला वाटे, हे कुणाच्या पोटातून काढून माझ्यात भरताहेत? काठ जवळ आला की पूर्वी मला आनंद होई. आता धडकी भरे.

तशा एका उन्हाळी दिवशी दादा मोठी टाकी प्रत्यक्ष पाहायला गेला. होय, तरीही गेला. त्याला थांबणे जमतच नव्हते. सकाळचे कोमट दूध नुकतेच माझ्यातल्या आदल्या संध्याकाळच्या गार दुधावर पडले होते. ऊन पत्र्यावर तापू लागले. कॉम्प्रेसर धापा टाकत होता. त्याला गरम हवा बाहेर सोडायची होती, पण जाळीतून वाटच नव्हती. एकदा तो कण्हला, जळका वास आला, आणि तो गप्प झाला.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. समोर कडबा कापायचे यंत्र चालू होते, त्या आवाजात वहिनीला माझी घरघर थांबल्याचे कळले नाही. पात्याची मोटर मात्र वेगळी. पाते ठरल्याप्रमाणे फिरतच राहिले. दूध तापत होते आणि मी ते ढवळत होते. नासणारे दूध स्वतःच्या हाताने ढवळत राहायचे, याहून वाईट काम मी कधी केले नाही.

दुपारी टँकर आला. टँकरवाल्याने झाकण उचलले, चेहरा आत नेला आणि लगेच बाहेर काढला. त्याने तरीही नळीत थोडे दूध घेऊन चाचणी केली, कारण वहिनी समोर उभी होती.

"वहिनी, हे घेता यायचं नाही मला," तो हळू आवाजात म्हणाला.

"थोडंसुद्धा?"

"थोडंसुद्धा नाही. माझ्या टँकरात आणखी सात गोठ्यांचं दूध आहे."

टँकर आमचे दूध न घेताच फाटकाबाहेर वळत होता, तेव्हा दादा परत आला. त्याच्या हातात नवे माहितीपत्रक होते. त्याला काही सांगावे लागले नाही. त्याने माझा वास घेऊन पाहिला, माहितीपत्रक टेबलावर ठेवले, पाइप लावला आणि स्वतः माझी तोटी उघडली. दूध शेणाच्या खड्ड्यात जाऊ लागले. दुसरा कुणी असता तर तोटी सोडून निघून गेला असता. दादा शेवटच्या थेंबापर्यंत उभा राहिला. मी रिकामी होत गेले, आणि तो तळ दिसेपर्यंत माझ्यात बघत होता. इतक्या वर्षांत माझा तळ त्याने असा नीट पाहिलाच नव्हता.

मग पावले वाजली. धाकटा आला होता, हातात ब्रश आणि अवजारांची पेटी. तो सरळ माझ्या पाठीमागे बसला आणि जाळी खोलू लागला. भुशाचे थर निघत गेले, त्यांचा ढीग झाला. दादा बॅटरी घेऊन त्याच्या शेजारी उकिडवा बसला.

"इकडे धर," धाकटा म्हणाला.

दादाने इकडे धरली.

"कॉम्प्रेसर गेला?"

"गेला."

दादाने सुटा भुसा हाताने बाजूला सारला. मग दादा म्हणाला, "तिला परत बोलावलं, तर येईल का रे ती?"

"तपासनीस बाई?"

"बाई," दादा म्हणाला.

बाई आल्या. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य त्यांच्या तोंडून निघाले नाही. त्यासाठी मी त्यांना मानते. या वेळी दादा खुर्चीच्या टोकावर बसला आणि त्याने एकच गोष्ट विचारली. "हे वाचेल का?"

"वाचेल. पण लहान व्हावं लागेल. ते तुम्हाला जमेल का, मला माहीत नाही."

जमवणे सोपे नव्हते. मोठी टाकी रद्द झाली. माझ्यासाठी दुसरा, वापरलेला पण दणकट कॉम्प्रेसर धाकट्याने शोधून आणून बसवला. नुसत्या उभ्या असलेल्या गाई, ज्यांच्याजवळ चारा होता आणि वेळ होता अशा लोकांनी नेल्या. त्या दिवशी दादा गोठ्याकडे फिरकला नाही. वहिनीनेच एकेकीचा दोर सोडून हातात दिला. कालवडी मात्र एकही विकायची नाही, असे ठरले. धाकट्याचा वाटा थोडा निघाला, तोही हप्त्याहप्त्याने द्यायचा. वर्षभराने तो शहरात गेलाच. मला वाटले होते, राहील. नाही राहिला. त्याच्या दुकानाला पाटी लागली, आणि महिन्यातून एकदा तो अवजारांची पेटी घेऊन इकडे येतो आणि मला तपासतो, भावाचे यंत्र म्हणून नव्हे, गिऱ्हाईकाचे म्हणून, आणि दादा त्याला घासाघीस न करता पैसे देतो. दोघे आधीपेक्षा जास्त बोलतात.

मी अर्ध्यावर आले. कधी कधी दूध इतके खाली असे की माझे पाते त्याला जेमतेम शिवे. टँकरवाल्याने एकदा थट्टेने विचारले, "काय मालक, गाई संपावर गेल्या का?" दादाचा हात मोजपट्टीवर घट्ट झाला. पण तो म्हणाला, "नाही. आता पोटापुरतंच काम करतात." पाहुणे आले की तो अजून झाकण उचलायला जाई, आणि मग हात मागे घेई. ते मला टोचत असे. खरे सांगते, काठाची आठवण अजून जात नाही.

पण एक दिवस आठवून मला बरे वाटते. महिनाअखेर होती. वहिनी मला आतून घासत होती, अर्धी आत वाकून. दादाने एक पाकीट माझ्या झाकणावर ठेवले. "तुझा पगार," तो म्हणाला, आणि दुसरीकडे बघू लागला. वहिनी बाहेर आली. तिने ओले हात पुसले, नोटा नीट मोजल्या, पाकीट कमरेला खोचले आणि विचारले, "मागचा कधी?"

दादा आधी गोंधळला. मग असा हसला, की गोठ्यातल्या गाईंनी माना वळवल्या. वहिनी हसली नाही. तिने खरेच विचारले होते.

त्याच सुमारास मला कळले की दर महिन्याला काही पैसे वेगळे काढून ठेवले जातात, आणि त्या पुडक्यावर वहिनीने 'टाकी' असे लिहिले आहे. माझ्या नावाने पैसे! मी हुरळून गेले. मला वाटले, नवी जाळी येणार, कदाचित बाहेरून रंगही. मग एकदा बाई आल्या असताना त्यांचे बोलणे कानावर पडले. "झिजणारी वस्तू आज थोडी, उद्या थोडी संपत असते," त्या दादाला समजावत होत्या. "याला घसारा म्हणतात. ती संपेल तेव्हा दुसरी घ्यायला पैसे हवेत, कर्ज नको. म्हणून रोजच्या झिजेचं रोज बाजूला टाकायचं."

म्हणजे ते पैसे माझ्यासाठी नाहीत. मी गेल्यावर माझ्या जागी येणारीसाठी आहेत. पुडके जाड होत जाते आहे, आणि मला ते दिसते. पूर्वी मी भरत होते आणि घर आतून रिकामे होत होते. आता घर सावरते आहे, आणि माझा दिवस जवळ येतो आहे. या दोन्ही गोष्टींचा आनंद मानावा की कसे, याचा विचार करत मी दिवस-दिवस घरघरत असते. त्यातल्या त्यात एवढे समाधान की परवा, इथेच जन्मलेल्या, न विकलेल्या कालवडीचे, चीक संपल्यावरचे पहिले दूध माझ्यात आले. तिला कुणाच्या कर्जातून आणलेले नव्हते. ते दूध थोडेच होते, पण मी ते फार जपून ढवळले.

मित्रांनो, उपदेश करण्याइतकी मी शहाणी नाही. एवढेच सांगते. कुणी तुम्हाला झाकण उचलून "बघा" म्हणाले, तर जरूर बघा, पण मग एक चक्कर मारून पाठीमागेही जा. तिथे धूळ असेल तर ती आजच काढा. आणि हे भरण्यासाठी पहाटे कोण उठते, त्याला काय मिळते, हेही विचारा.

माझ्यापुरते म्हणाल, तर ते पुडके पुरे होईपर्यंत माझी जाळी दर आठवड्याला साफ होत राहावी. नवी येईल तेव्हा तिच्यासाठी भिंत पाडू नका, दार आधीच मोजून ठेवा. आणि तिला पहिल्याच दिवशी काठापर्यंत भरू नका. तिला सवय लागेल.